मोरबीचा झुलता पूल: फळ्या नव्या बसल्या, दोर मात्र जुनेच राहिले

गावाकडे नवीन घर बांधायला काढले की फरशीचा विषय निघतोच. दुकानदार खोकी उघडून दाखवतो, आणि बहुतेक खोक्यांवर गावाचे नाव एकच असते, मोरबी. भिंतीवरच्या घड्याळाच्या मागे पाहिले तर तिथेही बऱ्याचदा हेच नाव सापडते. गुजरातच्या सौराष्ट्रातले हे गाव आपल्याकडे असे फरशी आणि घड्याळामुळे माहीत होते. ३० ऑक्टोबर २०२२ नंतर मात्र मोरबी म्हटले की लोकांना पूलच आठवतो. त्या दिवशी संध्याकाळी मच्छू नदीवरचा जुना झुलता पूल तुटला आणि १३५ माणसे गेली.

बातमी चार दिवस चालली, मग मागे पडली. पण हा पूल बांधला कुणी, तो लोंबकळत उभा कसा राहत होता आणि नेमका तुटला कशामुळे, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. ओढ्या-नद्यांवरचे जुने पूल आणि साकव आपल्याही तालुक्यांत आहेत, आणि त्यांवरून रोज शाळेची पोरे जातात.

पूल कुणाच्या काळातला?

मोरबी हे संस्थान होते. तिथले राजे वाघजी ठाकोर यांना नव्या गोष्टींचा भारी सोस. युरोपातली बांधकामे, रेल्वे, ट्राम यांचे त्यांना आकर्षण होते. त्यांच्याच काळात मच्छू नदीवर हा झुलता पूल उभा राहिला. सामान इंग्लंडहून आणले होते आणि त्या काळी साडेतीन लाख रुपये खर्च आला, असे सांगतात.

सालाबाबत दोन नोंदी आहेत. एका नोंदीप्रमाणे २० फेब्रुवारी १८७९ रोजी मुंबईचे गव्हर्नर रिचर्ड टेंपल यांच्या हस्ते उद्घाटन झाले. दुसरीकडे १८८७ हे साल दिले जाते. कुठलेही धरा, पूल तुटला तेव्हा त्याचे वय सव्वाशे वर्षांच्या पुढे होते.

पुलाची लांबी सुमारे २३० मीटर आणि रुंदी फक्त सव्वा मीटर. म्हणजे समोरासमोरून दोन माणसे आली तर एकमेकांना खेटूनच जायची. गाड्या-घोड्यांसाठी तो नव्हताच. नदीच्या एका बाजूला दरबारगढ, दुसऱ्या बाजूला नझरबाग राजवाडा, आणि मध्ये चालत जाण्यासाठी हा पूल. संस्थाने गेली, राजवाड्यांचा वापर बदलला, पूल मात्र लोकांचा झाला. सणासुदीला, सुट्टीला पोराबाळांना घेऊन झुलत्या पुलावर जायचे, ही मोरबीकरांची रीतच होती.

आपला आणि मोरबीचा एक जुना धागाही आहे. १९५६ मध्ये सौराष्ट्र मुंबई राज्यात सामील केले गेले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे होईपर्यंत मोरबी आणि आपले जिल्हे एकाच राज्यात होते.

या गावाने संकटेही थोडी पाहिलेली नाहीत. ११ ऑगस्ट १९७९ रोजी वरच्या अंगाचे मच्छू-२ धरण फुटले आणि पाण्याचा लोंढा थेट मोरबीत शिरला. हजारो माणसे त्यात गेली. पुढे २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने गावाला हादरवले आणि या पुलालाही मार बसला. दुरुस्ती झाली, पूल पुन्हा सुरू झाला.

झुलता पूल उभा कसा राहतो?

नेहमीच्या पुलाला खालून खांबांचा आधार असतो. झुलत्या पुलाला खालून काहीच नसते, सगळा भार वरून पेललेला असतो. अंगणात कपडे वाळत घालायची दोरी डोळ्यापुढे आणा, म्हणजे गणित लगेच कळेल.

या पुलाचे पाच भाग असतात. दोन्ही काठांवर एकेक मनोरा. त्या मनोऱ्यांवरून या काठापासून त्या काठापर्यंत गेलेले दोन मुख्य दोर, म्हणजे तारांच्या जाड केबल. या दोरांना ठरावीक अंतराने लटकवलेले उभे गज. त्या गजांना खाली टांगलेली चालायची वाट, म्हणजे फळ्या किंवा पत्रे. आणि पाचवा भाग म्हणजे नांगर. मनोऱ्यापलीकडे मुख्य दोराचे टोक जिथे जमिनीत किंवा दगडी चौथऱ्यात पक्के रोवलेले असते ती जागा.

माणूस फळीवर पाय ठेवतो. त्याचे वजन फळीवरून गजावर जाते, गजावरून मुख्य दोरावर, दोरावरून मनोऱ्यावर आणि शेवटी नांगरावर. ही साखळीच आहे. यातली एक कडी कच्ची निघाली की बाकीच्या कितीही मजबूत असल्या तरी उपयोग नाही.

आता दोरीची गंमत बघा. वाळत घालायची दोरी थोडी सैल, झोळ देऊन बांधली तर ओली चादर टाकली तरी ती टिकते. तीच दोरी एकदम ताणून सरळ बांधली, तर त्याच चादरीने खुंटी उपटून येते. म्हणजे झोळ कमी तेवढा ताण जास्त.

झुलत्या पुलात मुख्य दोराचा झोळ साधारण लांबीच्या दहाव्या हिश्शाएवढा आहे असे धरले, तर दोरांवर येणारा एकूण ताण हा पुलावरच्या वजनाच्या सुमारे १.३५ पट होतो. पुलावर ३०० माणसे उभी आहेत आणि सरासरी वजन ५० किलो आहे असे समजू. माणसांचे वजन झाले १५ टन, आणि दोरांवर नुसत्या माणसांमुळे येणारा ताण झाला जवळजवळ २० टन. दोन दोरांत तो वाटला जातो हे खरे. पण त्यात पुलाचे स्वतःचे वजन वेगळे मिळवायचे असते. माणसे असोत-नसोत, ते वजन रात्रंदिवस दोरावर असतेच.

म्हणूनच झुलत्या पुलाच्या बाबतीत दोन प्रश्न सगळ्यात मोठे असतात. पुलाचे स्वतःचे वजन किती, आणि एका वेळी माणसे किती सोडायची?

२०२२ मध्ये काय झाले?

पुलाची मालकी मोरबी नगरपालिकेची. देखभाल आणि तिकीटविक्रीचे काम अनेक वर्षांपासून एका खासगी कंपनीकडे होते. मार्च २०२२ मध्ये नगरपालिकेने त्याच कंपनीशी पुढच्या १५ वर्षांचा करार केला. दुरुस्तीसाठी पूल बंद ठेवला गेला. सुमारे सात महिन्यांनी, २६ ऑक्टोबर २०२२ रोजी तो उघडला. तो दिवस गुजराती नववर्षाचा, आपल्याकडचा दिवाळीचा पाडवा.

सुट्टीचे दिवस, नवा झालेला पूल, मग काय विचारता. ३० तारखेला रविवार होता. त्या एका दिवसात ३,१६५ तिकिटे विकली गेली. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास पुलावर एकाच वेळी ३०० च्या आसपास माणसे होती. नदीच्या वरच्या अंगाचा मुख्य दोर तुटला, पूल एका बाजूला कलंडला आणि माणसे मच्छूच्या पाण्यात पडली. आधी गावातले पोहणारे धावले. मग एनडीआरएफ आली, लष्कर, नौदल आणि हवाई दलाची माणसे आली. रात्रभर शोध चालला. मृतांत लहान मुलांची संख्या मोठी होती.

तपासात काय निघाले?

गुजरात सरकारने विशेष तपास पथक नेमले. त्या पथकाच्या अहवालातली माहिती वाचली की अंगावर काटा येतो, कारण त्यात अचानक घडलेले असे फारच थोडे आहे.

पहिली गोष्ट गंजाची. मुख्य दोर सात पेडांचा होता आणि एका पेडात सात तारा होत्या, म्हणजे एकूण ४९ तारा. त्यातल्या २२ तारा आधीच गंजलेल्या होत्या. पूल पडायच्या आधीच त्या तुटलेल्या असाव्यात, असे पथकाने म्हटले. उरल्या २७. म्हणजे ४९ जणांनी मिळून उचलायचे ओझे २७ जणांच्या खांद्यावर आले. प्रत्येकाच्या वाट्याला जवळजवळ १.८ पट भार. त्या संध्याकाळी उरलेल्या ताराही गेल्या.

दुसरी गोष्ट गजांची. जुन्या लटकत्या गजांना वेल्डिंग करून नवे गज जोडले होते. झुलत्या पुलाचा गज थोडा हलता राहावा लागतो. माणसे चालली की पूल हलतो, त्याबरोबर गजाला मान डोलवता आली पाहिजे. वेल्डिंगच्या जोडाने ती लवचीकता जाते. अशा पुलाला एकसंध गज वापरायला हवे होते, असा पथकाचा निष्कर्ष होता.

तिसरी गोष्ट फळ्यांची. पूर्वी पुलावर सुट्या लाकडी फळ्या होत्या. दुरुस्तीत त्या काढून अॅल्युमिनियमचे सलग पत्रे बसवले. दिसायला चकाचक झाले, पण पुलाचे स्वतःचे वजन वाढले. शिवाय सुट्या फळ्या वाकतात, सरकतात. सलग पत्र्याला तेवढी मोकळीक नसते. जुन्यासारख्या सुट्या फळ्या असत्या तर जीवितहानी कमी झाली असती, असेही अहवालात नमूद आहे.

चौथी गोष्ट तपासणीची. उघडण्याआधी पुलावर वजन ठेवून चाचणी घेतलीच नव्हती. तज्ज्ञांचे मत घेतले नव्हते. एका वेळी किती माणसे सोडायची, याला बंधन नव्हते. एवढा मोठा करार, पण त्याला नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेची मंजुरीही घेतलेली नव्हती.

न्यायवैद्यक तपासणीतही गंजलेले दोर, नांगराच्या तुटलेल्या पिना आणि सैल बोल्ट आढळले.

थोडक्यात, जे डोळ्याला दिसते ते बदलले आणि ज्याच्यावर पूल उभा होता ते तसेच राहिले. घराला रंग काढला, फरशी नवी बसवली, पण वाशांना लागलेली वाळवी बघितलीच नाही, त्यातला हा प्रकार.

पोरांनी पूल हलवला म्हणून पडला का?

घटनेनंतर एक व्हिडिओ खूप फिरला. त्यात काही तरुण पुलाच्या जाळीला लाथा मारताना आणि पूल हलवताना दिसतात. त्यामुळे “पोरांच्या मस्तीने पूल पडला” असे अनेकांना वाटले.

पूल हलवल्याने दोरावर झटके बसतात आणि ताण वाढतो, हे खरेच. मस्ती करू नये, हेही खरे. पण झुलता पूल हा नावाप्रमाणे झुलणारच. चार पोरांनी हलवले म्हणून तुटेल असा पूल लोकांसाठी उघडाच असता कामा नये. दोर शाबूत असेल तर तो एवढे सहन करतो. २२ तारा गेलेला दोर करत नाही.

जगात असे आधीही घडले आहे. फ्रान्समध्ये अँजे गावी १६ एप्रिल १८५० रोजी वादळात सैनिकांची तुकडी झुलत्या पुलावरून जात असताना पूल कोसळला आणि दोनशेहून जास्त सैनिक बुडाले. तिथेही वाऱ्याला आणि सैनिकांच्या चालीला बोल लागले. पण तपासात दिसले की नांगराच्या जागी, नजरेआड असलेल्या तारा गंजून गेल्या होत्या. मोरबीत जे झाले ते त्याहून फार वेगळे नव्हते.

अमेरिकेत १५ डिसेंबर १९६७ रोजी ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज पडला आणि ४६ जण गेले. तो साखळीवर टांगलेला होता. एका कडीत बाहेरून न दिसणारी बारीक चीर होती. त्या घटनेनंतर तिथे देशभरातल्या पुलांची ठरावीक मुदतीने तपासणी करण्याचे नियम आले.

लक्ष्मण झुला वेळेत बंद झाला

दुसरीकडे एक उदाहरण असेही आहे जिथे कुणाचा जीव गेला नाही, म्हणून त्याची फारशी चर्चा झाली नाही.

चारधामला जाऊन आलेल्या आपल्याकडच्या कित्येक मंडळींनी ऋषिकेशचा लक्ष्मण झुला ओलांडलेला असेल. तिथला आधीचा पूल १९२४ च्या पुरात वाहून गेला. त्यानंतर बांधलेला पूल १९३० मध्ये लोकांसाठी खुला झाला. पुढे जवळपास नव्वद वर्षे त्यावरून यात्रेकरू, दुचाक्या, गाई असे सगळे जात राहिले.

तज्ज्ञांनी तपासणी केली तेव्हा पुलाचे भाग कमजोर झालेले आढळले आणि आता यावर भार टाकू नये असा सल्ला त्यांनी दिला. १२ जुलै २०१९ रोजी पूल बंद करण्यात आला. तेव्हा श्रावणातली कावड यात्रा तोंडावर होती. स्थानिक दुकानदार नाराज झाले.

नीट पाहिले तर दोन्ही पुलांच्या आजारात फार फरक नाही. म्हातारपण, गंज, आणि मुळात विचारात न घेतलेली गर्दी. फरक पडला तो वेळेत तपासणी होण्यात आणि तपासणारा “बंद करा” म्हणाल्यावर कुणीतरी ते ऐकण्यात.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्राला ही गोष्ट परकी नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी गाड्या आणि इतर वाहने नदीत गेली. १५ जून २०२५ रोजी, तोही रविवारच, मावळ तालुक्यात कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला आणि चौघांचा जीव गेला. हे दोन्ही पूल झुलते नव्हते. पण जुना पूल, पावसाळा, सुट्टीची गर्दी, ही कारणे पुन्हा पुन्हा समोर येतात.

गावोगावच्या साकवांचे आणि लहान लोखंडी पुलांचे एक वेगळेच दुखणे आहे. पूल बांधताना उद्घाटन होते, पाटी लागते. पुढे त्याचा मालक कोण, हा प्रश्न निघाला की ग्रामपंचायत जिल्हा परिषदेकडे बोट दाखवते आणि जिल्हा परिषद बांधकाम खात्याकडे. मधल्या काळात बोल्ट सैल होत राहतात. कोकणातली दमट, खारी हवा आणि घाटमाथ्यावरचा चार महिन्यांचा पाऊस लोखंडाला सवड देत नाही.

तारांच्या दोरात गंज बाहेरून दिसतो त्याहून आत जास्त असतो. पेडांच्या फटीत पाणी मुरते. दोर जिथे मनोऱ्यावरून वळतो, जिथे नांगरात शिरतो आणि जिथे सगळ्यात खाली झोळतो, तिथे पाणी आणि घाण साचून राहते. वरून रंग मारला की ते झाकले जाते, बरे होत नाही. त्यासाठी माहीतगार माणसाने दोर उघडून पाहावा लागतो, ग्रीस भरावे लागते आणि आयुष्य संपले असेल तर दोर बदलावाच लागतो.

गावकऱ्यांनी काय पाहावे?

पुलाची ताकद ठरवणे हे इंजिनिअरचे काम. पण धोक्याची खूण रोज ये-जा करणाऱ्यालाच आधी दिसते. पुढच्या गोष्टी दिसल्या तर दुर्लक्ष करू नये.

- दोरातून सुटलेली किंवा तुटून वर आलेली एखादी तार.
- दोरावरून किंवा नांगराच्या चौथऱ्यावरून ओघळलेले तांबडे गंजाचे डाग.
- एखादा लटकता गज सैल पडलेला किंवा बाकीच्यांपेक्षा जास्त ताणलेला दिसणे.
- चालायची वाट एका बाजूला कललेली असणे.
- नट-बोल्ट गायब असणे, किंवा जोडाच्या जागी ठिगळासारखे वेल्डिंग.
- पुरानंतर काठाची माती किंवा नांगराजवळचे दगड वाहून गेलेले असणे.

अशा वेळी फोनवर फोटो काढावा आणि तारखेसह लेखी अर्ज ग्रामपंचायतीत द्यावा. एक प्रत तहसील कार्यालयात आणि एक बांधकाम खात्याच्या उपविभागात द्यावी, आणि प्रत्येक ठिकाणी पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले विसरले जाते. ग्रामसभेत विषय मांडून ठराव करून घेतला तर आणखी बरे. पूल कुणाच्या ताब्यात आहे, शेवटची तपासणी कधी झाली आणि एका वेळी किती माणसांना परवानगी आहे, हे तीन प्रश्न विचारायचा हक्क प्रत्येक गावकऱ्याला आहे. माहितीच्या अधिकारातही ही माहिती मागता येते.

आणि पूल बंद केला म्हणून वळसा पडला, तर लगेच ओरड करण्याआधी थोडा विचार करावा. जत्रा असो, यात्रा असो की आठवडी बाजार, ताकद संपलेल्या पुलाला सणवार कळत नाही.

मोरबीत पुढे काय झाले?

गुजरात उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. फेब्रुवारी २०२३ मध्ये मृतांच्या वारसांना प्रत्येकी १० लाख आणि जखमींना प्रत्येकी २ लाख रुपये अंतरिम भरपाई द्यावी, असा आदेश कंपनीला दिला. कंपनीच्या प्रमुखांसह अनेकांवर गुन्हे दाखल झाले. एप्रिल २०२३ मध्ये राज्य सरकारने मोरबी नगरपालिका बरखास्त केली.

२० फेब्रुवारी १८७९ म्हणा की १८८७ म्हणा, ज्यांनी पूल बांधला त्यांनी तो सव्वा मीटर रुंद बांधला होता, मोजक्या माणसांना चालत जाता यावे म्हणून. त्याने सव्वाशे वर्षांहून जास्त काळ काम दिले. दुरुस्ती करून उघडल्यावर मात्र तो पाचव्या दिवशी पडला. तिकिटे मोजली जात होती, दोराच्या तारा कुणी मोजल्या नाहीत.